हौसाआत्या आणि गॅसचा बंब

‘‘मिने, तुझी आत्या गेली गं...’’ मामांचा, म्हणजे आत्याच्या यजमानांचा, फोन आला तेव्हा मी सांगलीत, हळदीच्या पेठेतून रिक्षानं घरी निघाले होते. मला वाटलं, गेली म्हणजे गच्चीवर गेली. ती सदानकदा गच्चीवरच असायची. ‘‘मग हाक मारा की मामा, येईल खाली,’’ मी म्हणाले. मग हुंदका आवरत ते म्हणाले, ‘‘आता न्हाई यायची.’’ दुपारी जेवून आडवी झाली, ती उठलीच नाही. काही आठवडे होऊन गेले, पण तो फोन आठवला की आधी हसू येतं आणि मग... आत्याला ते चाललं असतं. फार गंभीर माणसांचा तिला कंटाळाच होता.

हौसाआत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर रहिमतपूरचं, सासर कराडचं. तिथं तिचं आणि मामांचं लहानसं मंगल कार्यालय आहे. मामा इतके भिडस्त, की वऱ्हाडानं मागितलं तर स्वतःचं अंथरूणही उचलून देतील. त्यामुळं सगळा कारभार आत्याकडं. आधी तिथं आंघोळीचं पाणी चुलाणावर तापायचं. मग तिनं मागच्या खोलीत गॅसवर चालणारा मोठा गिझर बसवून घेतला. उंचीला माणसाएवढा, धूर जायला थेट गच्चीच्या वर काढलेला पाइप. आत्या त्याला बंबच म्हणायची. बसवायला आलेल्या मिस्त्रीला तिनं एवढे प्रश्न विचारले, की त्याची सांगलीची गाडी चुकली आणि तो जेवायलाच थांबला. जेवतानाही ती विचारतच होती. मामा मात्र त्याला भाजी वाढत होते.

पेटवण्याआधी ती त्या खोलीत ओणवी होऊन फरशीला नाक लावायची. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला तर खाली साचून राहतो. एकदा कुणा नवऱ्यामुलाच्या मावशीनं तिला तशी पाहिली, फिट आली असं समजून ती पळत गेली आणि फोडलेला कांदा घेऊन आली. ‘‘आवं, कांदा लांब करा!’’ आत्या खालूनच ओरडली. ‘‘मला गॅसचा वास घ्यायचाय, तुमी भेळ कसली करताय!’’ दर सोमवारी ती खालचा नळ सोडून बोअरच्या पाण्याचा पांढरा गाळ काढायची. मग लांब उभी राहून सेफ्टी व्हॉल्व्हची दांडी उचलायची. फुस्सकन पाणी उडालं की समाधानानं म्हणायची, ‘‘शिंकला. जित्ता हाय.’’

तिच्या या सगळ्या सोपस्कारांना आम्ही घरचे हसायचो. ते हसणं थांबलं एका हिवाळ्यातल्या लग्नात. मी मदतीला गेले होते. गिझरच्या शेजारची खोली नवरीकडच्या बायकांना दिली होती. सकाळी तिथं एकेकीचं डोकं दुखायला लागलं. नवरीची आई ओकली, ते पित्तावर गेलं. करवली भिंतीला टेकून डोळे मिटायला लागली, ते जागरणावर गेलं. नवरी म्हणाली, ‘‘मला गरगरतंय,’’ तर सगळ्या खुसखुसल्या! आत्या चहा घेऊन आली, तिनं एकेकीचा चेहरा न्याहाळला आणि ट्रे माझ्या हातात कोंबून ती पळाली. गिझरच्या खोलीच्या दारातूनच तिला दिसलं. रोज निळीशार असणारी ज्योत पिवळी पडून लवलवत होती. तिनं बाहेर जाऊन सिलिंडरकडचा मेन कॉक फिरवला आणि उलट पावली आली. ‘‘बायांनो, भायेर! हाय तशा भायेर!’’

‘‘आवं पन वास तर कसलाच न्हाई,’’ नवरीची एक काकू अडून बसली.

‘‘या धुराला वास नसतोय! म्हनून तर मानूस बसल्या जागी मरतंय!’’

काकूला तिनं दंडाला धरून ओढलं. मी नवरीला आणलं, अर्धी साडी नेसलेली आणि अर्धी माझ्या खांद्यावर. नेमकं त्याच वेळी नवरदेवाचं वऱ्हाड फाटकात आलं आणि बँड वाजता वाजता गप्प झाला. अंगणात पोचताच करवली कोसळली. तिच्या भावानं तिला गाडीत घालून दवाखान्यात नेलं.

नवऱ्याच्या चुलत्याला मात्र मुहूर्ताची काळजी. ‘‘पोराची आंघोळ ऱ्हायलीय. जरा वेळ पेटवा की.’’

‘‘पेटवू काय गं?’’ मामांनी सवयीनं विचारलं.

‘‘पेटवा. तुमालाच आत बसवते.’’

नवऱ्यानं मग बोअरच्या गार पाण्यानं आंघोळ केली. त्याच्या आरोळ्या ऐकून बँडवाल्यांना पुन्हा हुरूप आला.

आत्या गच्चीवर गेली. मांडववाल्यानं धुराच्या पाइपाला फ्लेक्सचं कापड गच्च गुंडाळून वर थर्माकोलचा मोर बसवला होता. खाली गिझरच्या खोलीच्या खिडकीवरही तेच कापड. ‘‘ड्रोनच्या शूटिंगमधी पाइप लय वंगाळ दिसतोय, म्हनून झाकला,’’ तो म्हणाला.

‘‘आन् मयत कशी दिसती रं ड्रोनमधी?’’

तेवढ्यात दवाखान्यातून फोन आला. ऑक्सिजन लावलाय, करवली बोलायला लागलीय, थोडा उशीर झाला असता तर अवघड होतं. तोवर सगळ्यांवर ओरडणारी आत्या जिन्याच्या पायरीवर बसली आणि पदर तोंडाला लावून ढसाढसा रडली. पाइपावरून उपटलेला मोर तिच्या मांडीवरच होता. मिस्त्री येऊन सगळं तपासून जाईपर्यंत तिनं गिझरच्या खोलीला कुलूप ठेवलं. जाणाऱ्या-येणाऱ्यानं बोल लावले, ते तिनं ऐकून घेतले. लग्न मात्र त्याच दिवशी लागलं.

परवा मी कराडला गेले. आत्या गेल्यानंतरचं कार्यालयातलं पहिलं लग्न. मामा स्वतः गिझर पेटवायला निघाले, मी त्यांच्या मागं गेले. त्यांचे गुडघे वाकत नाहीत, म्हणून ते फरशीवर सरळ पालथे झोपले आणि बराच वेळ उठेनात. मी घाबरले.

‘‘मामा, गॅसचा वास येतोय काय?’’

‘‘न्हाई,’’ ते तसेच पडून म्हणाले. ‘‘मिश्रीचा येतोय... मला म्हनायची, सोडलीय.’’