मोटार थांबली तेव्हा कीपॅड माझ्या खिशात होता

आधीच सांगतो, मी इलेक्ट्रिशियन माणूस. फॉल्ट असला की मीटर लावायचा आणि शोधायचा, एवढंच मला कळतं. भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलोय. आणि आजही हे लिहितोय ते भीतीनं नाही... संतापानं.

कुरकुंभला एका केमिकल कंपनीत मी मेंटेनन्सला आहे. तिथं पावडर कालवायचा मोठा ब्लेंडर आहे, त्याच्या मोटारीचा वेग ड्राइव्हवरून, म्हणजे पॅनेलमधल्या कंट्रोलच्या पेटीवरून ठरतो. शिफ्टची बस चुकू नये म्हणून आमचे लोक वेग वाढवून बॅच उरकायचे. म्हणून ड्राइव्हवरचा कीपॅड, म्हणजे बटणांची ती डबी, मी काढून खिशातच ठेवतो. मशीनजवळच्या साध्या बटणांवर ब्लेंडर चालू-बंद होतो.

त्या दिवशी पहिली शिफ्ट होती, सकाळचे अकरा. मी कॅन्टीनमध्ये चहा पीत होतो. तिकडे ऑपरेटर भानुदास मामांनी गुठळी फोडायला चालू ब्लेंडरमध्ये उजवा हात घातला. झाकण उघडलं की मोटार बंद व्हायलाच हवी, पण तो सेफ्टी स्विच मॅनेजरसाहेबांनी बायपास करायला लावलेला. प्रॉडक्शन थांबतं म्हणे! मी दोनदा लेखी तक्रार दिली होती.

मामांचा हातमोजा पात्यात अडकला, हात आत ओढला जाऊ लागला... आणि मोटार जागच्या जागी थांबली.

"बटन सात पावलं लांब," मामा मला म्हणाले. हात शाबूत होता. "शेजारी कुणी न्हाई. मंग थांबवली कुणी रं?"

मी कीपॅड लावून ड्राइव्हची नोंद पाहिली. स्टॉप कमांड – कीपॅडवरून. तीनदा पाहिलं. आणि ड्राइव्हवर बसवल्याशिवाय तो कीपॅड चालतच नाही. ड्राइव्ह बनवणाऱ्यांचा इंजिनिअर पुण्याहून आला, सगळं तपासून, डोकं खाजवून गेला.

आणि साहेब? हात वाचला याबद्दल एक शब्द नाही. बॅच वाया गेली म्हणून मेमो मला!

"कीपॅड तुझ्याकडे होता, म्हणजे तूच थांबवलीस."

"साहेब, मी कॅन्टीनला होतो. सगळ्यांनी पाहिलंय."

"मग मामांनी थांबवली असं लिहून दे."

म्हणजे मेमो मामांच्या गळ्यात. मी सरळ नाही म्हणालो. उत्तरात दोनच ओळी लिहिल्या – मोटार कुणी थांबवली हे मला माहीत नाही. स्विच कुणी बायपास करायला लावला, हे माहीत आहे.

मेमो अजून फाइलला आहे. मोटार कशी थांबली याचा उलगडा मला आजही झालेला नाही. मामा रोज माझ्या शेजारी बसून उजव्या हातानं भाकरी मोडतात. तेवढं त्या मेमोत कुणी लिहिलेलं नाही.