पिशव्या कुठंयत?

जाधवमॅडम गेल्याची बातमी मला आमच्या कामाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. कमळ, मेणबत्ती, खाली 'भावपूर्ण श्रद्धांजली' असं ते तयार चित्र, आणि त्याखाली जोडलेल्या हातांची रांग. त्या रांगेच्या मधोमध कोणीतरी प्लॅस्टिकच्या लॉनची जाहिरात टाकली होती. पाणी नको, कापणी नको, बारा महिने हिरवं! त्याखाली पुन्हा जोडलेले हात. त्यातले कोणते मॅडमसाठी आणि कोणते लॉनसाठी, हे कळायला मार्ग नव्हता. खोटं कशाला बोलू, मला दुःख व्हायच्या आधी किळस आली... मॅडमना ते चाललं असतं. त्यांनी आम्हाला जे काही शिकवलं, त्यातला पहिला धडा किळसेचाच होता.

रमा जाधव म्हणजे नवी मुंबईतल्या सोसायट्यांच्या आणि रस्त्याकडेच्या बागा करणाऱ्या एका कंत्राटदाराच्या पर्यवेक्षक. मूळच्या मराठवाड्यातल्या, उद्यानविद्येची पदविका घेऊन इकडे आलेल्या. कंत्राटदाराकडे दरवर्षी शिकाऊ उमेदवार यायचे, त्यांना तयार करणं हे मॅडमचं काम. मी त्यातलीच एक. आम्ही साताऱ्याकडचे, वडील घाऊक बाजारात माथाडी. बीकॉम झालेली मुलगी बँकेत चिकटेल अशी घरच्यांची आशा. मी बागकामाची उमेदवारी घेतली तेव्हा आई म्हणाली होती, "शेणच कालवायचं होतं तर गाव काय वाईट होतं गं?"

कामोठ्याजवळ हाय-टेन्शन तारांखालच्या पट्ट्यात आमची नर्सरी होती. पहिल्या दिवशी मी धुतलेले पांढरे बूट घालून गेले. पंजाबी ड्रेसवर गमबूट चढवलेली एक ठेंगणी, भक्कम बाई समोर आली, माझ्या बुटांकडे बघितलं आणि मूठभर पालापाचोळ्याचं खत माझ्या नाकाखाली धरलं. "वास घे. कसला येतो?" मी तोंड फिरवून म्हटलं, घाण येतो, कुजल्याचा. "कुजल्याची घाण येत नसते. अर्धवट कुजल्याची येते. पुन्हा घे." मी पुन्हा घेतला, आणि खरंच, त्या मुठीला घाण वास नव्हताच. घाण होती ती माझ्या डोक्यात. पण मॅडमनी तेवढ्यावर सोडलं नाही. मोरा बंदरावर एक कोळीण मावशी त्यांच्यासाठी माशांची डोकी-आतडी बाजूला काढून ठेवायची. "ने गो बाय, सगला ठेवलाय तुझे झारांना," म्हणत ती बादली टेम्पोत चढवायची. नर्सरीत ते सगळं गुळाबरोबर ड्रममध्ये कुजत घालायचं आणि काठीने ढवळायचं. पहिल्यांदा ढवळलं तेव्हा मी तिथेच ओकले. मॅडमनी पाण्याची बाटली दिली, पाठ थोपटली नाही. पुढे त्याच ड्रमशेजारी बसून मी डबा खायला शिकले.

खरी किळस कशाची यायला हवी, ते त्या वेगळं शिकवायच्या. तणनाशक मारून पिवळ्याफटक केलेल्या, 'क्लीन' म्हणवणाऱ्या जमिनीपाशी उभ्या राहून त्या "शी!" म्हणायच्या. ते "शी" पोटातून यायचं. खोडाला खिळे ठोकून लावलेल्या रंगीत दिव्यांच्या माळा दिसल्या की शी. लग्नाच्या हॉलबाहेर एका रात्रीपुरत्या उभ्या केलेल्या आणि सकाळी उपटून फेकलेल्या पामच्या झाडांना शी. एकदा एका सोसायटीने झाडांच्या बुंध्याला खेटून सिमेंट ओतलं होतं. सेक्रेटरी आमच्यावरच वैतागले, "मॅडम, पानांचा फार कचरा होतो. ज्याची पानं पडत नाहीत असं झाड द्या ना." मॅडमनी त्यांच्या टकलाकडे शांतपणे बघितलं. "साहेब, तुमचे केस गळाले तेव्हा डोक्यावर सिमेंट लिंपून घेतलंत का?" ते काम आमच्या हातचं गेलं. कंत्राटदाराने मॅडमना ऑफिसात बोलावून झापलं. बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "चला, ड्रम ढवळायचाय."

आणि पिशव्या. रोप काळ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत वाढतं. लावताना पिशवी फाडून काढायची, मगच मुळं मातीला लागतात. हे शेंबड्या पोरालाही कळतं, पण घाईच्या कामात नेमकं हेच टाळलं जातं, कारण पिशवी फाडली तर मातीचा गोळा सांभाळावा लागतो, हात बरबटतात, वेळ जातो. म्हणून मॅडमचा नियम होता, संध्याकाळी रिकाम्या पिशव्या परत आणायच्या. किती झाडं लावली हे त्या कधीच विचारायच्या नाहीत. टेम्पोपाशी उभ्या राहून एवढंच विचारायच्या, "पिशव्या कुठंयत?" आपण पिशव्या पुढे करायच्या, त्या बघायच्या, "हं" म्हणायच्या आणि नर्सरीतल्या शेडच्या दारालगतच्या तारेवर ओवून टाकायच्या. शाबासकी म्हणाल तर ते "हं". त्या एवढ्याशा आवाजासाठी आम्ही उन्हातान्हात राबलोय.

माझ्याच बॅचला नीलेश होता. हसरा, बोलण्यात तरबेज, मॅडमचा लाडका म्हणावा असा. द्रोणागिरीला गोदामांकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने आम्ही करंज लावत होतो. संध्याकाळी नीलेशच्या हातात जेमतेम चार-दोन पिशव्या. "बाकीच्या वाऱ्याने उडाल्या, मॅडम." मॅडमनी कुदळ घेतली आणि त्याच्या रांगेतलं पहिलंच झाड उकरलं. पिशवी जशीच्या तशी. दुसरं उकरलं, तेही तसंच. "जिवंत पुरलंस की रे..." त्या इतक्या हळू म्हणाल्या की नीलेश रडायलाच लागला. मग त्यांनी त्याच्याबरोबर ती सगळी रांग पुन्हा लावली, स्वतः गुडघ्यावर बसून. जाताना आम्हाला म्हणाल्या, "हे वर्षभर वरून हिरवं दिसतं. तोवर बिल निघतं. मग हळूहळू मरतं, आणि सगळे म्हणतात, इथली मातीच खारट. मातीला तोंड नाही ना, तिच्यावर काहीही ढकला." हे शिकून मी पुढे स्वतःची छोटी कामं घ्यायला लागले. नीलेशही काहीतरी शिकलाच असणार. तो त्याच कंत्राटदाराकडे राहिला आणि बघता बघता प्रोजेक्ट हेड झाला. शेवटच्या काही वर्षांत तो मॅडमचा साहेब होता. शिकाऊ मुलांना तो झाडलोटीला आणि खुर्च्या मांडायला वापरायचा. मॅडम भांडायच्या, तो गोड हसून "बघतो ना, मॅडम," म्हणायचा.

आजारात त्यांना बघायला गेले तेव्हा त्या हॉस्पिटलच्या खाटेवर अगदी चिमुकल्या दिसत होत्या. खिडकीत कुंडीत हिरवंगार काहीतरी ठेवलेलं. "बघून ये जरा," म्हणाल्या. मी पानाला नख लावलं. "प्लॅस्टिक आहे, मॅडम." "वाटलंच मला. इतके दिवस झाले, एक पान पिकलं नाही त्याचं." हसताना त्यांना खोकला आला. मग एकदम गंभीर होऊन म्हणाल्या, "नव्या पोरी आल्यात गं नर्सरीत. त्यांना कोणी पिशव्या विचारत नसेल..." मी म्हटलं, तुम्ही बऱ्या होऊन या आणि विचारा. आणखी काय म्हणणार? पण ते म्हणताना मला माझ्या तोंडातला तो गोडवा नकोसा झाला.

घरच्यांनी कामोठ्यात पुण्यानुमोदन केलं ते साधं आणि छान होतं. पंचशील झालं, बुद्धवंदना झाली, लोक चार शब्द बोलले, जेवले, डोळे पुसून गेले. ओकारी आली ती त्यानंतर कंत्राटदाराच्या कंपनीने द्रोणागिरीला, त्या करंजांच्या रस्त्यालगतच्या बागेत ठेवलेल्या कार्यक्रमात. फ्लेक्सवर मॅडमचा फोटो, उजळ करून करून ओळखू न येण्याइतका गोरा केलेला. माणूस गेला तरी त्याचा रंग तुम्हाला खपत नाही का रे? माइकवर एकाने मॅडमना मायेचा सागर म्हटलं. मॅडम आणि मायेचा सागर! दुसऱ्याने सांगितलं की बकुळ हे त्यांचं आवडतं झाड होतं. आवडतं झाड विचारणारा माणूसच मॅडमना आवडायचा नाही. मग त्यांच्या स्मरणार्थ बकुळीचं रोप लावायचं ठरलं होतं ते आणलं, शेंड्याला रिबीन बांधून. नव्या शिकाऊ मुली युनिफॉर्ममध्ये फुलांची तबकं धरून उभ्या होत्या. पाहुण्यांनी हातमोजे घालून रोप खड्ड्यात ठेवलं, माती लोटली, विकतच्या बाटलीतलं पाणी ओतलं. टाळ्या वाजल्या. माझं लक्ष बुंध्याकडे होतं. मातीतून काळ्या प्लॅस्टिकची कड वर आली होती, गळ्याला फास लागावा तशी.

मी नीलेशला बाजूला घेतलं. "नीलेश, पिशवी." त्याने बघितलंसुद्धा नाही, म्हणजे त्याला माहीत होतं. "वैशाली, आज नको ना यार. पिशवी काढली की गोळा फुटतो, पाहुण्यांचे कपडे खराब होतात. फोटोत पण सरळ उभं राहात नाही. नंतर माणूस पाठवतो ना मी." "मॅडमचं झाड आहे रे ते." "अगं, म्हणूनच तर एवढा खर्च केला! टेन्शन नको घेऊ, सामोसा खा." न कळणाऱ्याची एक वेळ कीव करता येते. पण याच रस्त्याच्या कडेला हा माणूस त्या बाईसमोर ढसाढसा रडला होता, आणि तो आज मला सामोसा देत होता. त्या घटकेला मला त्याची जेवढी शिसारी आली, तेवढी त्या माशांच्या ड्रमचीही कधी आली नव्हती.

मंडप रिकामा होईपर्यंत मी थांबले. खुरपं माझ्या बॅगेत असतंच. मी खाली बसून माती काढायला लागले, तसा बागेचा वॉचमन धावत आला. उरणकडचे म्हातारेसे काका होते. "ओ बाय, काय करतं? मना सांगलंय, कोनाला हात लावू देव नको. आताच लावलंय ना ते?"

"लावलं नाही काका. आता लावते."

"मंग मघाशी काय केलं?"

"मघाशी फोटो काढला."

काकांनी वाकून ती काळी कड बघितली. मग नळाला पाइप जोडून आणला. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी आधी पिशवीचा तळ कापला, गोळ्याखाली तळहात धरला, मग बाजूने चीर दिली. मुळं आत गोल गोल फिरून एकमेकांना आवळून बसली होती. ती बोटांनी सोडवली, सुटली नाहीत ती छाटली, आणि रोप पुन्हा खड्ड्यात ठेवलं. रिबीनही काढली. झाड किंचित वाकडं उभं राहिलं. राहू दे. जगलं तर होईल सरळ, नाहीतर वाकडंच वाढेल... मॅडम तरी कुठे कोणाला सरळ वाटल्या?

तिथून मी थेट नर्सरीत गेले. वाटेत मोबाइल वाजत होता. नीलेशने ग्रुपवर कार्यक्रमाचे फोटो टाकले होते. मी रिक्षात बसल्या बसल्या त्या फाटक्या, चिखलाने भरलेल्या पिशवीचा फोटो काढला आणि त्याखाली टाकला. वर लिहिलं, 'मॅडमच्या झाडाची पिशवी.' नीलेशने तो पाहिला. थोड्या वेळाने त्याचं उत्तर आलं. जोडलेले हात.

नर्सरीत शेडला कुलूप होतं. ड्रम उपडा पडलेला, कोरडा. पण दारालगतची तार तशीच होती. तिच्यावरच्या जुन्या पिशव्या उन्हाने विटून पांढुरक्या झाल्या होत्या, हात लावला की तुकडे पडत होते. खूप दिवसांत कोणी नवी ओवलेली दिसत नव्हती. त्या नव्या मुली तबकं परत ठेवायला तिथे आल्या आणि माझ्या हातांकडे बघत उभ्या राहिल्या. कोपरापर्यंत चिखल. त्यातल्या एकीने विचारलं, "ताई, ही फेकायची ना?" मी म्हटलं, "नाही गं. उद्या तू झाड लावलंस की मी येऊन तुला अशीच फाटकी पिशवी मागणार आहे."

मी पिशवी तारेवर ओवली. मग सवयीने, मॅडमना "हं" म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढा वेळ तिथेच उभी राहिले.