सडक्या अंड्याच्या वासात राहणारी शिंपली

दिनानाथ चुरी लग्नाला गेले की आधी नवरानवरीकडं बघत नसत, दारांकडं बघत. मांडवातून बाहेर पडायच्या वाटा किती, स्वयंपाकाच्या शेगड्या कुठल्या अंगाला, वारा कुठून येतोय, एवढी पाहणी झाली की मग स्वारी खुर्चीवर टेकायची, तीही दाराजवळच्या. त्यांच्या बायकोनं, जयवंतीनं, या सवयीपुढं केव्हाच हात टेकले होते. "आमच्या लग्नात अंतरपाट धरलेला, अन् हे मान वळवून आचाऱ्याच्या चुली मोजत उभे," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे आणि वर चहाही पाजत असे.

माणूस भित्रा नव्हता. माकुणसारची केळीची वाडी धाकट्या भावावर सोपवून ते तरुणपणी कुंभवलीला आले आणि तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका केमिकल कारखान्यात लागले. तिथं लग्नाच्या आदल्या वर्षी ते सांडपाण्याच्या चेंबरमध्ये उतरत होते. आत सडक्या अंड्यांचा वास होता. क्षणात तो वास नाहीसा झाला. दिनानाथना वाटलं, गॅस उडून गेला. शिडीच्या दोन पायऱ्या उतरले आणि पुढचं त्यांना काहीच आठवत नाही. वर उभ्या असलेल्या ज्ञानेश नावाच्या सोबत्यानं कॉलर धरून ओढलं म्हणून वाचले. दवाखान्यात दोन दिवस पडून असताना डॉक्टरांनी समजावलं, की या एचटूएस गॅसची खोडच ही आहे. थोडा असला की वास येतो, वाढला की तो आधी नाकच बधिर करतो.

तेव्हापासून दिनानाथना एकच वाक्य जगाला सांगायचं होतं. पुढं ते कारखान्याच्या सुरक्षा विभागात गेले आणि दर मार्चमध्ये, सुरक्षा सप्ताहात, कँटीनमध्ये उभं राहून ते वाक्य सांगू लागले: "वास गेला म्हणजे गॅस गेला नाय, नाक गेलं!" वीस वर्षं सांगितलं. पण लोक यायचे ते भाषणानंतर मिळणाऱ्या समोसा-पेढ्याच्या पुड्यासाठी. पडद्यावर कवटीचं चित्र आलं, की निम्मं कँटीन पेंगायला लागायचं. मासवणकडचा जिव्या, ठेकेदाराकडचा चाळिशीचा कामगार, तर थेट पहिल्या रांगेत बसून झोपायचा. एकदा दिनानाथनी त्याला विनवलं, बाबा, निदान मागं बसून तरी झोप. तर हा शांतपणे म्हणाला, "काका, मागं पंखा लागत नाय."

आणि आता एकतीस मार्चला दिनानाथ निवृत्त होणार होते. हातात शेवटचं भाषण उरलं होतं. आपण गेल्यावर एखादा पोरगा वास गेला म्हणून खुशाल खाली उतरेल, आणि त्याची कॉलर धरायला कुणी नसेल, या विचारानं त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं होतं. बोंबलाचं कालवण पुढ्यात असताना हे होणं म्हणजे प्रकरण गंभीर, हे जयवंतीनं ओळखलं.

फेब्रुवारीच्या शेवटी त्यांची मुलगी समिधा चार दिवसांसाठी घरी आली. ती गोव्याला समुद्रातल्या शिंपल्यांवर संशोधन करते. जेवताना तिनं मोबाईल बापाच्या ताटाशी उभा केला.

"बाबा, हे बघा. तुमचा एचटूएस कुणाचा तरी जेवणाचा डबा आहे."

पडद्यावर काळोख होता आणि त्या काळोखात एका दगडी धुराड्यातून काळाकुट्ट धूर निघत होता. समिधा म्हणाली, हा धूर नाही, पाणी आहे. समुद्राच्या तळाशी, दोन-अडीच किलोमीटर खोल, जिथं ऊन कधीच पोचत नाही, तिथं जमिनीच्या भेगांतून असं तापलेलं पाणी वर येतं आणि त्यात हाच गॅस विरघळलेला असतो. मग कॅमेरा बाजूला सरकला. धुराड्याच्या आसपास, जिथं पाणी नुसतं कोमट होतं, तिथं खडकावर नखाएवढ्या शिंपल्या बसल्या होत्या. आपल्या नांदगावच्या किनाऱ्यावर खडकांना टोपीसारख्या चिकटलेल्या असतात ना, अगदी तशा. इतक्या, की जागा पुरेना म्हणून एकीच्या पाठीवर दुसरी आणि दुसरीच्या पाठीवर तिसरी.

"खोटं," दिनानाथ म्हणाले. "रीडिंग किती हाय तिथं?"

"तुमचा गॅस मीटर ओरडून ओरडून घसा बसवून घेईल एवढं."

"मग मास्क कुठाय हिचा?"

समिधा हसली. मास्क नाही, बाबा, पण हिच्यातल्या काही जातींनी आपल्या कल्ल्यांत जीवाणू पाळलेत. ते जीवाणू हा गॅस वापरून अन्न तयार करतात आणि त्यांच्यावर शिंपली जगते. शिवाय तिची जीभ खरखरीत असते, तिनं ती खडकावरची बुळबुळीत साय खरवडून खाते. तेही कमी पडलं, तर पाण्यात तरंगणारे कण गाळून घेते.

"म्हंजे एका घरात तीन चुली," जयवंती कौतुकानं म्हणाली. "संसारी दिसते."

"पण विष ते विषच ना?" दिनानाथ हटून बसले होते. बत्तीस वर्षं ज्याच्याशी वैर धरलं, त्या गॅसला कुणी जेवणाचा डबा म्हणावं, हे त्यांच्या पचनी पडत नव्हतं.

"विषच आहे. त्या भेगेच्या फार जवळ गेली तर ती मरते. आणि फार लांब, नुसत्या गार पाण्यात राहिली, तर तिचे जीवाणू उपाशी आणि तीही. म्हणून ती मधल्या कडेवर बसते, गरम आणि गार पाणी जिथं मिसळतं तिथं. खालचा प्रवाह बदलला की तीही आपली जागा बदलते. चिकटून बसलेली दिसते, पण हट्ट करत नाही."

दिनानाथांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी तो खाल्ला, आणखी एक बोंबील मागून घेतला आणि समिधाला म्हणाले, "तो व्हिडिओ मला पाठव." जयवंतीला फार बरं वाटलं.

सुरक्षा सप्ताहात कँटीनच्या पडद्यावर या वेळी कवटी आली नाही. धुराडं आलं. दिनानाथनी घरी ऐकलं ते सगळं सांगितलं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत, आणि तीन चुलींची गोष्ट तर बायकोचं नाव घेऊन सांगितली. लोक चक्क जागे होते. पहिल्या रांगेत जिव्या जागा होता. इतकंच नाही, त्यानं हात वर केला.

"काका, पण तिला कळतं कसं, आता मागं सरायचं?"

वीस वर्षांत भाषणाला आलेला हा पहिला प्रश्न. उत्तर लेकीला विचारायची दिनानाथना लाज कसली? त्यांनी तिथल्या तिथं समिधाला फोन लावला आणि मोबाईल माइकसमोर धरला.

"तिला आपल्यासारखं नाक नाही," समिधाचा आवाज कँटीनभर घुमला. "डोक्यावर दोन मिशा असतात, अंग पाण्यात असतं. तिला नेमकं कसं कळतं, ते आम्हीही अजून शोधतोय. पण पाणी बदललं की ती हलते, वाट बघत बसत नाही."

जिव्यानं जरा विचार केला. "म्हंजे तिला नाक नाय म्हणून ती वाचली. अन् आमी नाकावर भरवसा ठेवतो म्हणून मरतो."

कँटीन हसलं. जे भाषण दिनानाथना वीस वर्षं जमलं नव्हतं, ते या झोपाळू माणसानं दोन वाक्यांत केलं होतं. तरीही घरी आल्यावर ते जयवंतीला म्हणाले, "हसले गं सगळे. पण हसणं येगळं, लक्षात ठेवणं येगळं."

अठ्ठावीस मार्चला मागच्या अंगाच्या एका चेंबरची सफाई होती. नियम असा, की झाकण काढायचं, लांब थांबायचं, गॅस मीटरनं तपासणी झाल्याशिवाय कुणी उतरायचं नाही. जिव्या आणि मिथुन नावाचा नवा कामगार झाकण काढणार होते आणि अकरा वाजता दिनानाथ मीटर घेऊन पोचणार होते. पण पावणेअकराला ऑफिसच्या मंडळींनी त्यांना गाठलं. केक आणला होता, शाल आणली होती, नारळ होता. एक फोटो, मग शाल नीट करून आणखी एक, मग साहेब आले म्हणून पुन्हा पहिल्यापासून. तोंडात केकचा तुकडा असताना त्यांची नजर भिंतीवरच्या घड्याळाकडं गेली. अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती.

शाल खांद्यावर, मीटर आणि मास्क हातात, असे साठीला आलेले दिनानाथ कारखान्याच्या रस्त्यानं धावत सुटले. त्यांना पायऱ्या दिसत होत्या. शिडीच्या त्या दोन पायऱ्या.

वळणावर ते थबकले. चेंबरजवळ कुणीच नव्हतं. पार पलीकडं, वाऱ्याची दिशा दाखवणारी केशरी कापडी नळी जिथं फडफडते त्या खांबाखाली, वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दोघं मांडी घालून बसले होते. जिव्यानं मिथुनच्या कमरेचा पट्टा मुठीत घट्ट पकडला होता.

"काका, इसको बोलो छोडने को," मिथुन वैतागून म्हणाला. "पहले बास आ रहा था, फिर चला गया. मैं बोला उतरते हैं, फिर खाना खायेंगे. तबसे पकडके बैठा है."

"वास एकदम गेला, काका," जिव्या म्हणाला. "मी याला म्हटलं, गॅस नाय गेला, आपलं नाक गेलं. ती शिंपली असती तर सरली असती. मंग आमीबी सरलो."

दिनानाथनी मास्क चढवला, मीटर दोरीला बांधून चेंबरमध्ये सोडला. हातभर खाली जातो न जातो तोच तो कर्कश किंचाळायला लागला. मिथुनच्या चेहऱ्यावरचा वैताग पार उतरला. त्यानं आपणहून जिव्याचा हात धरला.

दिनानाथ परत खांबापाशी आले, मास्क काढला आणि शालीसकट जमिनीवर बसून रडायला लागले. लपवायचं त्यांच्या मनातही आलं नाही. "मी केक खात होतो रे," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. "तुमी इथं, अन् मी तिथं केक खात होतो."

जिव्यानं विचारलं, "आमच्यासाठी ठेवला का नाय?"

तेव्हा ते रडता रडता हसले. केक आणायला स्वतः गेले आणि येताना अख्खा डबाच उचलून घेऊन आले, साहेबांच्या वाट्यासकट.

पुढच्या मार्चमध्ये कारखान्यानं दिनानाथना पाहुणे म्हणून बोलावलं. सोबत जयवंती होती. भाषण जिव्याचं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो माइकपुढं उभा राहिला आणि खिशातून एक रिकामी शिंपली काढून त्यानं उंच धरली. "ही ती नाय. ही नांदगावच्या खडकावरची, तिची लांबची बहीण. ती लय खोल ऱ्हाते. पण गोष्ट तिचीच हाय." मागच्या रांगेत मिथुन दोन नव्या पोरांना गप्प बसवत होता.

जयवंतीनं नवऱ्याकडं पाहिलं. आज आल्या आल्या त्यांनी दारं मोजली नव्हती, हे तिच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. आता पहिल्या रांगेत, पाहुण्यांच्या खुर्चीत, मान एका बाजूला टाकून ते गाढ झोपले होते. ती शरमली आणि त्यांना कोपरानं ढोसणार, एवढ्यात माइकवरून जिव्याचा आवाज आला.

"झोपू द्या, काकी. पंखा तिथंच लागतो."