बाबांच्या रंगाची बाटली

पुंडलिकनगरातल्या माझ्या पार्लरमध्ये नवऱ्या तयार होतात. पण दोन वर्षांपूर्वी काही महिने, दर तीन आठवड्यांनी, सकाळचं पहिलं गिऱ्हाईक आमचे बाबा असायचे. एसटीत बत्तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस गळ्याला टॉवेल गुंडाळून आरशासमोर बसायचा आणि मी त्यांना फाउंडेशन लावायचे. दवाखान्यात जायला.

झालं असं, की बाबांच्या तळपायाला काळा डाग आला. सोयगावच्या गाडीत उभं राहून राहून कुरूप झालंय असं त्यांनी ठरवलं, आणि त्यांनी एकदा ठरवलं की डॉक्टरची काय बिशाद. वर्षभर कुरूपाच्या पट्ट्या चिकटवल्या. मग जांघेत गाठ आली आणि कळलं, हा कातडीचा कॅन्सर आहे, आपल्याकडे क्वचित होणारा, आणि तो फुप्फुसापर्यंत गेलाय. मी बाबांवर चिडले, पट्ट्या देणाऱ्या मेडिकलवाल्यावर चिडले, घरी येऊन मिक्सरवर चिडले. रडले नंतर.

डॉक्टरीणबाईंनी सलाईनमधून द्यायचं एक औषध सुरू केलं. म्हणाल्या, "हे औषध स्वतः कॅन्सरला मारत नाही. तुमच्या शरीरातले पहारेकरी झोपलेत, त्यांना उठवतं. पुढचं काम त्यांचं."

"म्हंजे तपासणी पथक," बाबा म्हणाले. "बिनतिकिटाचे गाडीत बसलेत आन् पथक डुलक्या घेतंय."

"अगदी तसंच. आणि अंगावर काहीही नवीन दिसलं तर मला सांगायचं." बाबा, आई आणि मी, तिघांनी माना डोलावल्या.

चौथ्या सलाईननंतर बाबांच्या मानेवर पांढरा डाग उठला. मग डोळ्यापाशी, मग दोन्ही हातांवर. मी डॉक्टरीणबाईंना फोन करायला घेतला तर आईनं आधी खिडकी लावली, मग दार लावलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "कोड!"

आता हीच बाई नवऱ्याचा कॅन्सर गल्लीभर सांगून बसली होती. भाजीवालीला माहीत, इस्त्रीवाल्याला माहीत. बायका शहाळी घेऊन बघायला यायच्या. पण कोडाचं नाव काढायचं नाही. "कॅन्सर बापाचा बापापाशी ऱ्हातो," आई म्हणाली. "घरात कोड हाय म्हटलं की पोरीला स्थळ येत नाय."

मी चौतीस वर्षांची, स्वतःचं पार्लर चालवणारी. स्थळ मी मागितलं नव्हतं. कडाक्याचं भांडण झालं. आईचं म्हणणं, "डॉक्टरीणबाई छातीतलं बघती. कातडीचं तिला कशाला दाखवायचं? तिथं बसलेलं एखादं वळखीचं बघंल." कातडीच्याच कॅन्सरसाठी आपण तिथं जातो हे मी तिला तीनदा समजावलं. तिला ते पटलं नाही.

शेवटी बाबा म्हणाले, "माझ्यापायी तुझं आडायला नको. लाव तुझी ती पावडर." त्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी हरले.

तीन रंग मिसळून मी बाबांच्या सावळ्या रंगाची एक बाटली तयार केली, आणि खोटं कशाला बोलू, काम फक्कड जमलं. इतकं बेमालूम मी एकाही नवरीचं केलेलं नाही. मान, चेहरा, हाताचे पंजे, वर पूर्ण बाह्यांचा शर्ट. आमची वरात अशी दवाखान्यात जायची, आणि आईला कुणी दिसलं की ती मुद्दाम थांबून कॅन्सरची खबर द्यायची.

मग स्कॅन झाला. गाठी थोड्या वाढलेल्या होत्या.

डॉक्टरीणबाई बराच वेळ फिल्म बघत राहिल्या. "एक तर औषध लागू पडत नाहीये," त्या म्हणाल्या, "नाहीतर पहारेकरी आत शिरल्यामुळे गाठी सुजल्यात. पहिलं असेल तर हे बंद करावं लागेल, आणि याच्यानंतर माझ्या हातात फारसं काही नाही. एखादी चांगली खूण मिळाली असती तर औषध चालू ठेवून मी वाट बघितली असती. अंगावर काही? पांढरे डाग वगैरे?"

"नाय," आई म्हणाली. "कायबी नाय."

बाबा स्वतःच्या रंगवलेल्या पंजांकडे बघत बसले. मी उठले. मग पर्समधून मेकअप पुसायचा ओला रुमाल काढला, बाबांची हनुवटी धरली आणि खसाखसा पुसायला लागले.

"येडी झालीस का गं!" आईनं माझं मनगट धरलं.

डॉक्टरीणबाई खुर्चीवरून उठल्याच. बॅटरी आणली, शर्ट काढायला लावला, दोन शिकाऊ डॉक्टरांना हाका मारल्या. तिघं बाबांच्या मानेवर ओणवी होऊन म्हणत होती, "छान! फार छान!" बाबांच्या कातडीला जन्मात कुणी छान म्हटलेलं नव्हतं. ते उघड्या अंगानं, लाजून उभे होते.

"हा कॅन्सर रंग बनवणाऱ्या पेशींचा," बाई म्हणाल्या. "पहारेकरी त्यांच्या मागे लागले की चांगल्या रंगपेशीही त्यांच्या तडाख्यात सापडतात आणि कातडी पांढरी पडते. खात्री नाही देत, पण ही आशेची खूण आहे. औषध चालू ठेवू." मग माझ्याकडे वळून त्यांनी मला जे झापलं, ते मी इथं लिहिणार नाही. बापाच्या जगण्याची एकुलती एक खूण मी ब्रशनं झाकत होते, तेही हौसेनं. इतकी लाज मला कधी वाटली नाही.

"पथक पासवाल्यांनाबी उतरवतंय म्हना की," बाबा म्हणाले, आणि रडायला लागले.

पुढच्या स्कॅनमध्ये गाठी लहान झालेल्या होत्या. त्याच्या पुढच्यात आणखी लहान.

मध्यंतरी मला बघायला पाहुणे आले. बाबा अर्ध्या बाह्यांचा बनियन घालून समोर बसले आणि जयभीम झाल्या झाल्या म्हणाले, "आधीच सांगतो, मला कोड हाय. लई गुनाचं हाय." पाहुण्यांनी पोहे अर्धे टाकले. आई दोन दिवस धुमसत होती, पण पाहुण्यांवर. आता रोज सकाळी ती चष्मा लावून बाबांना उजेडात उभं करते आणि विचारते, "आज नवीन काय आलंय का?"

ती बाटली अजून माझ्या कपाटात आहे. एकाही गिऱ्हाइकाला तो रंग जुळत नाही. बाबांनाही आता जुळणार नाही. भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्यात. त्या रंगाचे बाबा काही परत येत नाहीत. आहेत ते पांढरे-सावळे आहेत. पण आहेत.