आपांची सायकल आणि शेवटची ट्रॉली

सायकलवर बसण्याआधी आपा पुढचं चाक अंगठ्यानं दाबायच्या, मग मागचं, आणि रिकाम्या रस्त्यावरही एकदा घंटी वाजवायच्या. मी हसले की म्हणायच्या, "बाई, वाट मागून घ्यावी. हिसकावू न्हाई."

मी श्रीगोंद्याकडच्या एका वस्तीवरची अंगणवाडी सेविका, आपा माझ्या मदतनीस. तुमच्याही कामाच्या जागी असं एखादं माणूस असेल, ज्याला आपण शिकवायला जातो आणि शिकून परत येतो. कारखाना सुरू झाला की रस्ता उसाच्या ट्रॉल्यांचा होतो. म्हणून पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप संपेपर्यंत, अख्खा हिवाळा आपांची सायकल घरी आणि आपा माझ्या स्कूटीवर. मागे बसूनही त्या ट्रॅक्टरवाल्यांना सोडायच्या नाहीत. "आरं, गान्याचा भोंगा केवढा लावलाय! मागं एक लाल दिवा लावाया काय झालं?"

यंदा मात्र हंगामाच्या पहिल्याच आठवड्यात, सायकल आत ठेवायच्या आधीच, एका ट्रॉलीनं त्यांना सायकलसकट रस्त्याकडेच्या चारीत, पाटाच्या चरात घातलं. मनगट मोडलं. हाड जुळलं, पण धास्ती बसली. ट्रॅक्टरचा आवाज आला की त्या माझा खांदा इतका आवळायच्या, की मला ब्रेक दाबावा लागे.

आपांचा मुलगा नागापूरच्या एमआयडीसीत कामाला. त्यानं सांगून टाकलं, "अम्मी, पट्टा पडला की एक दिवस चालवून बघ. भिऊन उतरली तर सायकल भंगारात." मला बजावलं, "बाई, तुमी मागं ऱ्हावा. खरं काय ते मला सांगायचं."

मी म्हटलं, "आपा, माझी स्कूटी आहेच की."

"मागं बसलं की मी सामान हुते, बाई."

मला ते लागलं. चार महिने मी त्यांच्यावर उपकार करतेय असंच समजत होते.

पट्टा पडल्याचं कानावर आलं आणि दुसऱ्या सकाळी त्या निघाल्या. हँडल लटपटत होतं. मी स्कूटीवर वीस पावलं मागे, जीव मुठीत धरून. अर्धी वाट झाली असेल, तोच समोरून हलगी ऐकू आली. बातमी एक दिवस आधीच पसरली होती. शेवटची खेप अजून जायची होती. झेंडे लावलेला ट्रॅक्टर, मागे दोन ट्रॉल्या, वर गुलाल उधळणारी माणसं, आणि रस्ता सगळा त्यांचाच.

आपा उतरल्या. चारीच्या काठाशी सायकल घट्ट धरून, डोळे मिटून उभ्या राहिल्या. ट्रॉल्या गेल्या तरी डोळे उघडेनात.

"बसा मागं," मी म्हटलं. "मी कुणाला काही सांगणार नाही."

"आज मागं बसले तर संपलं, बाई."

पदरानं तोंडावरचा गुलाल पुसून त्यांनी टांग मारली. पाय घसरला. पुन्हा मारली, आणि या वेळी पॅडल सापडलं. मी स्कूटीची किल्ली फिरवायला गेले. तेवढ्यात त्यांच्या मुलाचा फोन आला.

"बाई, उतरली का?"

खोटं अगदी ओठावर आलं होतं. "उतरल्या," मी म्हटलं.

तो हळूच म्हणाला, "द्या तिला फोन."

"कसा देऊ? त्या वळणापलीकडं गेल्या. इथं मी एकटीच उभी आहे."