करंगळीच्या बाजूनं

आमचा शेवटचा चहा अंगणात झाला. सिंदी मेघे गावात आमच्या घरासमोर शेजाऱ्याच्या टिनाच्या छपरावर वांदरं उतरली होती. मी डबा बडवायला उठलो, तर माझ्या बायकोनं, कमलनं, सदरा धरून मला खाली बसवलं. "बसा न चुपचाप. पाहुणे हायेत." एका मादीच्या पोटाला काळपट पिलू चिकटलं होतं. मादी टिनावरून कडूनिंबावर झेपावली, पण पिलू काही सुटलं नाही. कमल तिकडेच पाहत राहिली... मग म्हणाली, "आपल्या वैशालीच्या बाळाच्या मुठीतबी हे धरणं हाय. उद्या दवाखान्यात गेलो का करंगळीच्या बाजूनं बोट घालून पाहू."

आमच्या मुलीचं, वैशालीचं, बाळ दिवस भरायच्या आत झालं होतं. ते दवाखान्यात काचेच्या पेटीत होतं अन् आम्ही त्याला लांबूनच पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आम्हाला जवळ सोडणार होते. पण पहाटे मी हाक मारली, तर कमल उठली नाही. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले.

कमल देवळीच्या शाळेत विज्ञान शिकवायची. मी चौथीतून सुटलेला, सायकली दुरुस्त करणारा. शाळेत माझा उपयोग एकच, मला कान हलवता येतात. उत्क्रांतीचा धडा आला की ती मला दुकानातून बोलावून वर्गात उभं करायची. "पाहा पोट्टेहो, हे जुन्या घरचं सामान. कधी कामाचं होतं, आता नुसतं पडून हाय." एकदा एका पोरीनं विचारलं, "मॅडम, काका वांदरापासून झाले का?" मी म्हटलं, "हाव, अन् ते तुह्या मॅडमचं सासर हाय." वर्ग खिदळला. कमल मात्र हसली नाही. "वांदर आपला आजा नाई, चुलतभाऊ हाय. आजा दोघायचा एकच, लय जुना. तो ना वांदरासारखा होता, ना आपल्यासारखा."

घरीही तिचं तेच चालायचं. एका मायची लेकरं सारखी नसतात. जी त्या जागेशी जमतात ती जास्त जगतात, त्यांची पिलं वाढतात, त्यांचा गुण पुढे जातो. असं लाखो वर्षं चाललं की जातच बदलते. मी म्हणे, "जात बदलते, हे गावात सांगू नको, बाई." ती सांगायची, हे ज्याला सुचलं तो इंग्रज बोटीतून जग फिरला, घरी येऊन कबुतरं पाळली, अन् लोक काय म्हणतील म्हणून वर्षानुवर्षं गप्प बसला. मग दूरच्या बेटावर तापानं फणफणलेल्या दुसऱ्यालाही तेच सुचलं. त्यानं ते लिहून नेमकं पहिल्यालाच पाठवलं, तेव्हा कुठं याचं तोंड उघडलं. मी म्हटलं, "भेकड होता म्हण न." ती म्हणाली, "काळजीचा माणूस होता. तुमच्यासारखा."

काळजीचा आहेच मी. त्या शेवटच्या चहाच्या वेळीही एक गोष्ट माझ्या छातीत अडकून बसली होती. शेवटी बोललोच. "तू म्हणतेस जमते ते टिकते. मंग आपलं हे एवढंसं... हे चाळणीतून खाली गेलं त?"

तिनं कप आपटला. "काहीबी काऊन बोलता? टिकणं म्हंजे ताकद नाई. त्या मादीनं पिलू पोटाशी धरलं न? ते धरणंबी त्यातूनच आलं. एकटं कोणी टिकत नाई, त्याले कोणी तरी धरते." बोलली खरं, पण उद्या किती वाजता सोडतात, ते तिनं मला दोनदा विचारलं.

तिला स्मशानात पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आंघोळ करून चपला घातल्या, तर माझी मोठी बहीण शांताबाई दारात आडवी आली. "सुतकात लेकराले शिवाले चाल्ला? काही झालं त्याले त?" काही झालं तर... हेच तर मला खात होतं. तरी म्हटलं, "त्याची आजी गेली, बाई. त्यालेबी सुतकच हाय. आमी दोघं एकाच सुतकात."

दवाखान्यात सिस्टरनं कोपरापर्यंत हात धुवायला लावले. वैशाली डोळे सुजवून पेटीशी बसली होती. "बाबा, आई पाहणार होती न?" मी पेटीच्या भोकातून हात घातला अन् ग्रीसनं काळं पडलेलं हे बोट त्याच्या तळव्यावर ठेवलं. काही नाही. पुन्हा ठेवलं. काही नाही... मग कमलचं बोलणं आठवलं, अन् बोट करंगळीच्या बाजूनं सरकवलं. मूठ मिटली. ढिली, चिमणीच्या पायासारखी, पण मिटली.

मी बोट काढलं नाही. कंबर धरली तरी वाकून उभा राहिलो. झोप लागल्यावर त्यानंच सोडलं, अन् सोडल्याबरोबर मी आधी त्याची छाती पाहिली. वर-खाली होत होती.