गोदावरीच्या बरंच उत्तरेला

आमच्या व्याह्यांइतका व्यवहाराला निरुपयोगी माणूस सबंध नाशिक जिल्ह्यात दुसरा नसेल. हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे, कारण माझा सगळा जन्म घासाघीस करण्यात गेला. पाथर्डीच्या मळ्यातली मेथी घेऊन मी बाजारात बसायचो. आज अंबडला माझं स्वतःचं वर्कशॉप आहे, आणि मधला सगळा रस्ता मी भांडून मिळवलेला आहे. समोरच्याने आकडा सांगितला, मग तो लोखंडवाला असो, बँकेतला साहेब असो की रिक्षावाला, माझी कानशिलं गरम होतात. आणि आमचे व्याही? ते पंचवटीतले, रामकुंडावरचे उपाध्ये. पिढ्यान्‌पिढ्या यात्रेकरूंची कार्यं करणारं घर. यजमानाने भीत भीत विचारावं, "गुरुजी, दक्षिणा किती?" आणि यांनी नदीकडे बघत म्हणावं, "द्याल ती." जे समोर येईल ते न बघता उचलायचं आणि कनवटीला लावायचं. एकदा एका घाईतल्या यजमानाने दक्षिणेच्या पाकिटाऐवजी परतीच्या रेल्वे तिकिटांचं पाकीट ठेवलं, तर हे तेही आशीर्वाद देऊन घरी घेऊन आले. विहीणबाईंच्या वेळेत लक्षात आलं म्हणून बरं, नाहीतर ते कुटुंब अजून नाशिकरोडला बाकावर बसून असतं.

माझा त्यांच्यावरचा राग जुना आहे, थेट लग्नाच्या बोलणीपासूनचा. माझी मुलगी आणि त्यांचा मुलगा पुण्याला शिकताना एकमेकांना पसंत करून मोकळे झाले. आम्ही माळी, ते रामकुंडावरचे ब्राह्मण. ते काय काय काढतील आणि मी त्यावर काय काय सुनावेन, याची मी कितीतरी दिवस तालीम केली. सोबतीला चांगल्या आवाजाचे दोन चुलते घेतले. आम्ही जाऊन बसलो. व्याह्यांनी स्वतः पाणी आणून दिलं आणि विचारलं, "मुलीला पुरणपोळी दुधाबरोबर आवडते की तुपाबरोबर?" मी म्हटलं, "तुपाबरोबर." ते म्हणाले, "मग जमलं. आमच्याकडेही तूपच." बोलणी संपली. चुलते अजून घसाच खाकरत होते. कुणाची एवढी तयारी अशी वाया घालवणं हा अपमान आहे, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

पुढे जावईबापूंना इटलीत नोकरी लागली, जहाजांचे आराखडे काढण्याची. थोड्या दिवसांसाठी म्हणून गेले ते तिकडेच रमले. नात झाली. बाळंतपणाला आमची ही आणि विहीणबाई आळीपाळीने जाऊन आल्या. आणि मग एक दिवस मुलीचा फोन आला, "अण्णा, कंपनी यांना कायम करतेय. हो-नाही ठरवायचंय. तुम्ही आणि बाबा दोघं या. समुद्रावर राहू, मग बोलू." मी त्याच क्षणी ठरवलं, पोरांना परत आणायचं. वर्कशॉप जावयाच्या हवाली करायचं, वरचा मजला बांधून द्यायचा, सगळं माझ्या डोक्यात तयार होतं. व्याह्यांकडे मी एकच काम दिलं होतं. विमानात त्याची उजळणीही घेतली.

"व्याही, तुम्ही काय बोलणार?"

"हिच्या गुडघ्यांचं. एकटीला जिने होत नाहीत, असं."

"आणि?"

"आणि पुढचं तुम्ही." मग खिडकीला नाक लावून म्हणाले, "ढगांची पाठ आज पहिल्यांदा पाहिली. पोटापेक्षा किती स्वच्छ असते हो!"

मुलांनी आम्हाला समुद्रकाठच्या ज्या गावी नेलं, त्याचं नाव मला अजून नीट घेता येत नाही. कड्याला टेकून उभी राहिलेली पिवळी, गुलाबी, विटकरी घरं, खिडक्यांतून वाळत घातलेले कपडे, वरती डोंगरात पायऱ्यापायऱ्यांनी चढत गेलेल्या द्राक्षबागा आणि खाली येवल्याच्या धूपछाव पैठणीसारखा समुद्र, मान वळवाल तसा रंग बदलणारा. मी त्या बागा बघून, एवढ्या उतारावरून माल खाली आणतात कसा, याचा विचार करत बसलो. आपल्याकडच्या द्राक्षवाल्याने त्या चढावर हात टेकले असते. व्याही मात्र काहीच विचार करत नव्हते. उन्हात ठेवलेलं तूप जसं हळूहळू पातळ होतं, तसा तो माणूस त्या गावात विरघळत चालला होता.

प्रवासात बघायच्या जागांबद्दल त्यांचा एक नियम निघाला. दिवसाला एकच गोष्ट बघायची. "आमच्याकडे यात्रेकरू येतात," ते म्हणाले, "सकाळपासून धावत सगळे देव उरकतात, आणि संध्याकाळी विचारावं तर एकाही देवाचा चेहरा सांगता येत नाही. मी आयुष्यभर येणाऱ्यांच्या या बाजूला उभा होतो. आज पहिल्यांदा त्या बाजूला आलोय, तर घाई नको." मी मुलीबरोबर किल्ला पाहिला, दीपगृह पाहिलं, चर्च पाहिलं, आणि परत आलो तर हे सकाळच्याच बाकावर, एक म्हातारा नाववाला आपल्या होडीला निळा रंग देत होता ते बघत. त्याच म्हाताऱ्याशी मी दुसऱ्या दिवशी समुद्रातल्या फेरीसाठी बोटांच्या खुणांनी भांडलो, दोनदा पाठ फिरवून निघून गेलो, आणि भाव पाडून विजयी मुद्रेने परतलो. संध्याकाळी बघतो तर त्याच होडीत, पुढच्या टोकाला, पंचा खांद्यावर टाकून आमचे व्याही! म्हाताऱ्याने त्यांना फुकट नेलं होतं. "तो म्हणाला, बसा. मी बसलो," एवढंच त्यांचं स्पष्टीकरण. माझ्या सगळ्या मेहनतीवर त्या माणसाने असं वल्हं मारलं.

त्यांची आंघोळ हे तर प्रकरणच होतं. पहाटेच्या गारव्यात ते कमरेएवढ्या समुद्रात उभे, मी काठावर टॉवेल घेऊन. संकल्प सुरू झाला आणि मध्येच थांबला. ओंजळ तशीच. आपण गोदावरीच्या कुठल्या तीरावर आहोत ते संकल्पात सांगावं लागतं, त्याशिवाय देवाला पत्ता कळत नाही. त्यांनी वळून मला हाक मारली, "व्याही, आपण गोदावरीच्या दक्षिणेला की उत्तरेला?"

माझं डोकं तडकलं. "अहो, इटलीत आहोत आपण!"

"ते झालंच. पण गोदावरीच्या कुठल्या बाजूला?"

मी मोबाईलवर नकाशा काढला. पाठीमागे दोन गोऱ्या बाया थांबून बघत होत्या. "उत्तरेला," मी ओरडलो. "बरंच उत्तरेला."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "म्हणजे आपलाच काठ! पंचवटी उत्तरेलाच की." आणि सुटलेला मंत्र पुढे चालू झाला. मी तिथे टॉवेल हातात घेऊन उभा होतो आणि माझ्या मनात आलं, पंचवटी उत्तरेला, इटली उत्तरेला. दक्षिण तीरावर राहिलो फक्त आम्ही अंबडवाले.

जेवायला आम्ही रोज एकाच ठिकाणी जात असू. समुद्राच्या वर, द्राक्षाच्या मांडवाखाली चार टेबलं, आणि जाडजूड, हसऱ्या डोळ्यांची एक मालकीणबाई. मी यादीतल्या प्रत्येक पदार्थाची किंमत वाचून दाखवायचो. व्याही यादी मिटून बाईंकडे बघत शुद्ध मराठीत म्हणायचे, "द्याल ते." आणि बाईंना ते कळायचं! पहिल्या दिवशी व्याह्यांनी ताटाभोवती पाणी फिरवलं आणि शेवयांसारखे ते लांब तुकडे मोडून चित्राहुती टेबलक्लॉथवर मांडल्या. बाईंना वाटलं, पदार्थ आवडला नाही म्हणून बाहेर काढून ठेवतायत. त्यांनी ताट उचललं, नवीन आणलं. व्याह्यांनी पुन्हा पाणी फिरवलं, पुन्हा चित्राहुती. बाईंचा चेहरा उतरला. शेवटी माझ्या मुलीने त्यांना समजावून सांगितलं, की आधी बाकीच्यांचा घास काढून ठेवतात. दुसऱ्या दिवसापासून व्याह्यांच्या उजव्या हाताला एक चिमुकली बशी यायला लागली.

त्या गावात खिडकीखिडकीत तुळशीसारख्या झाडाच्या कुंड्या. व्याही प्रत्येक कुंडीला नमस्कार करत चालायचे, त्यामुळे पाच मिनिटांच्या रस्त्याला आम्हाला अर्धा तास लागायचा. मग एके दिवशी ताटात हिरवीगार चटणी आली आणि जावईबापूंनी सांगितलं, ती याच पानांची. व्याह्यांनी घास हातात धरून बराच वेळ विचार केला. "आपली तुळस नव्हे," निवाडा दिला, "पण नात्यातली आहे." खाल्ली. डोळे मिटले. मग हळहळून म्हणाले, "इथे हिचं लग्न लावत नाहीत वाटतं. थेट पानात वाढतात."

शेवटची संध्याकाळ. मांडवाखाली आम्ही बसलेलो, समुद्रावर जांभळा रंग उतरत होता, होड्या एकेक करून काठाला लागत होत्या आणि नात व्याह्यांच्या मांडीवर पेंगत होती. मी माझं सगळं मांडलं. वर्कशॉप, वरचा मजला, नातीची शाळा. जावईबापूंनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "अण्णा, तुमचं सगळं पटतं. उद्या मला कंपनीला कळवायचंय. पण बाबा म्हणतील तसं करतो. बाबा, येऊ का परत?"

झालं! सौदा माझ्या हातात आला होता. एक गुडघा पुरे होता. मी टेबलाखालून व्याह्यांच्या पायाला पाय लावला.

व्याही नातीच्या केसांतून बोटं फिरवत होते. "तुला ते जहाजांचं काम आवडतं?"

"फार आवडतं, बाबा."

"मग राहा."

मी टेबलावर हात आपटला. पेला उलटला, नात दचकून उठली, मालकीणबाई आतून धावत आल्या. "अहो व्याही! ठरलं काय होतं आपलं? गुडघे कुठे गेले?"

"ठरलं होतं खरं," ते अपराध्यासारखे म्हणाले. "पण तो विचारत होता ना हो. द्यायचंच असेल तर अडवून कशाला द्यायचं?"

परतीच्या विमानात मी त्यांच्याशी एक शब्द बोललो नाही. त्यांच्या ते लक्षात आलं की नाही, देव जाणे. ते ढगांची पाठ बघत होते.

हा राग मी नाशिकला आल्यावरही सोडला नाही. उलट तो रोज ताजा राहावा म्हणून मी संध्याकाळी वर्कशॉप बंद करून, पूल ओलांडून पंचवटीत जातो आणि घाटाच्या पायरीवर त्यांच्या शेजारी बसून त्यांना बोलतो. ते ऐकतात. मालकीणबाईंनी त्यांना निघताना तिकडच्या त्या तुळशीसारख्या झाडाचं बी दिलं होतं. ते अंगणात तुळशीशेजारी कुंडीत रुजलंय. विहीणबाई शेंगदाणे घालून त्याची चटणी करतात आणि मला पोळीबरोबर डब्यात देतात. रागावलेला माणूसही जेवतो.

गेल्या आठवड्यात आम्ही असेच बसलो होतो. पाण्यावर दिवे सोडायला सुरुवात झाली होती. व्याह्यांचा फोन वाजला, पडद्यावर जावईबापू आणि नात. "बाबा, दिवाळीला येतोय! भाऊबीज झाली की निघू." नातीने आजोबांना तिकडच्या भाषेत काहीतरी सांगितलं, त्यांनी त्यावर मान डोलावली. आणि मग हा माणूस, ज्याने उभ्या जन्मात कुणाकडे काही मागितलं नाही, तो फोनच्या अगदी जवळ तोंड नेऊन म्हणाला, "तुळशीच्या लग्नापर्यंत राहाल का?"

"बाबा, रजा नाही हो मिळणार."

"बरं, बरं. भाऊबीज छान."

फोन बंद झाला. माझी कानशिलं तापली. "अहो, असं मागतात होय? तुळशीचं लग्न हवं असेल तर बोलणी संक्रांतीपासून सुरू करायची! समोरचा खाली ओढतो, आपण कुरकुरत उतरायचं, मग कुठे तुळशीच्या लग्नाशी जमतं."

ते विद्यार्थ्यासारखं ऐकत होते. "आधी संक्रांत," त्यांनी पुटपुटून पाठ केलं. "मग कुरकुरायचं." मग म्हणाले, "व्याही, मला शिकवाल का? तुम्ही मुलगा व्हा."

तेव्हापासून घाटावर रोज आमचा सराव चालतो. मी मुलगा होतो, ते मागतात. नाही म्हणणं माझं काम. पण ते नदीकडे न बघता माझ्याकडे बघतात आणि सावकाश म्हणतात, "बाळा, संक्रांतीपर्यंत राहतोस का?" आणि माझ्या तोंडून निघून जातं, "हो बाबा, राहतो."

असं करून सराव बिघडतो, हे मला कळतं. उद्या मी नाही म्हणणार आहे.